‘वाढव’ म्हणजे बंद

अहो,

आज दुपारी कूलरने माझं ऐकलं. लगेच नाही, बरीच मनधरणी केल्यावर, पण ऐकलं. त्या आनंदात तुम्हाला सांगायला तोंड उघडलं आणि मग आठवलं. उघडलेलं तोंड मिटवेना, म्हणून आता सगळं सांगूनच टाकते.

हे मी लिहीत नाहीये, बोलतेय. लिहितोय फोन. स्वाती पुण्याला परत जाताना तशी सोय करून गेली. काय उमटतंय ते मला दिसत नाही, तेव्हा चुका असतील तर त्या फोनच्या. जन्मभर पोरांच्या वह्या लाल करणाऱ्या बाईवर ही वेळ आली म्हणून तुम्ही मांडी थोपटून हसला असता. आणखी एक गंमत सांगते. तुमचं ‘न्हाई’ मी अगदी तुमच्यासारखं बोलले तरी हा फोन आपला आपण त्याचं ‘नाही’ करतो. आपल्या लेकीकडून ती सगळी ‘न्हाई’ परत जागच्या जागी घालून घेणार आहे. तुम्हाला ‘नाही’ म्हणायला शिकवण्यात माझा सगळा संसार गेला, आणि आता मी ‘न्हाई’ दुरुस्त करून घेणार.

स्वातीने मला एका आठवड्याची मुदत दिली आहे. ती म्हणते, या डोळ्यांनी तू तीर्थपुरीत एकटी कशी राहणार? चल माझ्याकडे. मी म्हणाले, माझं घर आहे, मी राहीन. मग तिने दुकानदाराच्या लेकीला शोभेल असा सौदा केला, “आठ दिवस एकटी राहून दाखव आई. जमलं तर राहा, न्हाई तर मी न्यायला येते.” बघा, तिचंही ‘न्हाई’च आहे. रागावली की तुमची भाषा बोलते.

तुम्ही गेल्यावर घरी जो आला तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलला. कापडाचं दुकान चालवलं, पण मापात कधी बोटभर कमी दिलं नाही. लग्नाच्या बस्त्याला आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. खरं आहे सगळं, ऐकून बरंही वाटलं. पण त्यातल्या कोणी तुम्हाला स्टुलावर चढून, तोंडात स्क्रू धरून, भिंतीशी भांडताना पाहिलेलं नाही. माझ्याजवळचे तुम्ही ते आहात.

माझ्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झाला, तिथून हे सुरू झालं. आजूबाजूचं दिसतं, पण ज्याच्याकडे नीट बघावं तेच नेमकं पुसलं जातं. तुमचा चेहरा बघायचा तर मला तुमच्या कानाकडे बघावं लागायचं. हे मी तुम्हाला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कानावरचे केस काढून आलात. त्यावरून मी तुम्हाला किती चिडवलं! पण आत कुठेतरी मला फार बरं वाटलं होतं, तेवढं सांगायचं राहिलं.

रिमोटवरची बटणं मला दिसेनाशी झाली. पंख्याचा रिमोट टीव्हीवर धरायचा आणि टीव्हीचा पंख्यावर, आणि दोघेही ऐकत नाहीत म्हणून चिडायचं. एकदा काय दाबलं कोण जाणे, तेलुगू बातम्या लागल्या आणि तुम्ही जेवायला येईपर्यंत मी त्याच ऐकत बसले. नवा कूलर घेतला तर त्याची बटणं काचेसारखी सपाट, बोटाला काही लागत नाही. तुम्ही म्हणालात, “थांब, मी करतो काहीतरी.” तुमच्या ‘काहीतरी’ची मला धास्तीच असायची.

मग एक दिवस तुम्ही खिशातून तळहातावर मावेल अशी गुळगुळीत काळी डबी काढून माझ्या हातात दिलीत. मी तिच्यावरून बोटं फिरवली आणि विचारलं, “याचं झाकण कुठाय?”

“झाकण न्हाई याला. हे सगळ्या रिमोटचं एकच रिमोट हाय. इंटरनेटवरून हुकूम घेतं. मी दुकानात बसून आपला पंखा लावू शकतो.”

“दुकानात बसून घरचा पंखा कशाला लावायचा? वारं तिकडे येणार आहे का?”

माझ्या असल्या प्रश्नांनी तुम्ही कधी थांबलाय? त्या रविवारी तुम्ही डबी मांडीवर घेऊन बसलात. एकेक रिमोट तिच्यासमोर धरायचा, एकेक बटण दाबायचं, म्हणजे ती ते शिकते. मला ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणत होतात, “पोरगी हुशार हाय. एकदा सांगितलं की बराबर ध्यानात ठेवती. कुणाकुणाला शंभरदा सांगून कळत न्हाई.” मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, हुशार पोरगी पोळ्या लाटते का विचारा.

त्याच दिवशीची एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. तुम्ही मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलंत आणि म्हणालात, या रिमोटमधून उजेड निघतो, त्यावरच हे सगळं चालतं. मी म्हणाले, मला कुठला दिसायला? तुम्ही म्हणालात, “कुणालाच दिसत न्हाई. तो उजेड माणसाच्या डोळ्याला दिसायचा न्हाईच. तुला जे दिसत न्हाई ते मलाबी दिसत न्हाई. हितं आपण दोघं बराबर.” मग तुम्ही फोनचा कॅमेरा लावलात, रिमोट त्याच्यासमोर धरलात आणि म्हणालात, आता यात जांभळा ठिपका दिसतोय. मी पडद्याच्या कडेला नजर लावून पाहिलं. मला दिसला. का दिसल्यासारखा वाटला, माहीत नाही. मी ‘दिसला’ म्हणाले आणि तुम्ही लहान पोरासारखे खूश झालात.

डबीला सगळं समोर लागतं. मध्ये काही आलं की तिचा हुकूम तिथेच अडतो. मी दोरीवर लुगडी वाळत घातली की पंखा ऐकेनासा व्हायचा आणि तुम्ही दुकानातून फोन करून विचारायचात, “मधी काय टांगलंय?” शेवटी समोरच्या भिंतीला पांढरा चुना काढून घेतलात. म्हणे पांढऱ्या भिंतीवर आपटून तो उजेड फिरून येतो. खरं होतं की नाही देव जाणे. पण दिवाळीला सांगूनही जी भिंत तुम्ही रंगवली नव्हती ती या डबीसाठी रंगवलीत, हे मी लक्षात ठेवलं आहे.

डबीमागून डबा आला. डबा म्हणजे तो बोलणारा. आपण बोलायचं, डब्याने ऐकायचं आणि डबीने करायचं. आधी त्याला नावाने हाक मारायची, मग काम सांगायचं. माझ्या वर्गातल्या हजेरीसारखं. तो हिंदीतला, मराठी त्याला अर्धीमुर्धी कळायची. त्यात तुमची मराठी.

त्या शेवयांच्या दिवसाची आठवण काढली तर स्वाती अजून पोट धरून हसते. शेजारच्या शमीमभाभी आणि मी बाहेरच्या खोलीत शेवया करत होतो. ओल्या शेवया बाजेवर पसरलेल्या, पिठाची परात उघडी. भाभी म्हणाल्या, जरा कूलर थांबवा, पीठ उडतंय. तुम्ही आत ऐटीत आलात, डब्याला हाक मारलीत आणि म्हणालात, “कूलर वाढव.”

कूलर वाढला! असा वाढला की शेवया बाजेवरून उठून भिंतीला चिकटल्या आणि शमीमभाभींच्या भुवया पांढऱ्या झाल्या. तुम्ही ओरडताय, “वाढव! वाढव म्हणलं ना!” आणि तो आणखी जोरात.

“भाईजान, ये क्या कर दिये!”

“भाभी, मी बंदच करून राह्यलो ना.”

“बंद कहां बोले, वाढव बोलरे तुम! हमारे में भी दुकान बढ़ाते, लेकिन कूलर नहीं बढ़ाते.”

तुमच्या तोंडून ‘बंद’ हा शब्द कधी निघायचाच नाही. लग्न होऊन आले तेव्हा संध्याकाळी तुम्ही ‘दुकान वाढवून येतो’ म्हणालात आणि मी नाशिककडची, मला वाटलं दुकानाला मागे खोली काढताय. दुकानदाराने बंद म्हणू नये, अशुभ असतं, हे मला नंतर कळलं. पण दुकानदार लोक दुकानापुरतं वाढवतात. तुम्ही घरातली मोरीची तोटीसुद्धा वाढवायचात. मी एकदा चिडून कारण विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “बंद पडती ती गिरणी, बंद पडती ती मोटार. आपल्या हातानं आवरलं त्याला वाढवलं म्हणावं. वाढवलं म्हंजी उद्या पुन्हा उघडायचं हाय.”

कोणी शहाणा असता तर त्याने त्या दिवशी आपला शब्द बदलला असता. तुम्ही डबा बदललात. अमुक वाक्य म्हटलं की अमुक काम कर, असं त्यात लिहून ठेवता येतं हे तुम्ही कुठूनसं शोधून काढलंत आणि दोन संध्याकाळी बसून तुमची वाक्यं त्यात भरलीत. बंद करायला ‘वाढव’. आणि चालू करायला? ‘येऊ दे’! दुकानात गादीवर बसून तुम्ही साड्या काढणाऱ्या माळ्यावरच्या पोराला आवाज द्यायचात ना, “काठाची येऊ दे, हिरवी येऊ दे,” तसंच. कूलर येऊ दे. पंखा येऊ दे. बातम्या येऊ दे. मी म्हणाले, हे कसलं मराठी? निदान ‘सुरू कर’ तरी लिहा. तुम्ही म्हणालात, “मॅडम, डबा माझा हाय. त्याला माझीच भाषा येणार.”

आणि मग ते कूलरचे इशारे. मी फोन उचलत नाही, हात पिठात असतात आणि हिरवं बटण सापडत नाही, म्हणून तुम्ही दुकानातून निघताना कूलर थांबवून पुन्हा चालू करायला लागलात. कूलर थांबला आणि परत लागला की समजायचं, निघाले. ताट वाढायला घ्यायचं. हिवाळ्यात हेच टीव्हीवर. ऐन मालिकेत टीव्ही जायचा आणि मी तुमच्या नावाने बोटं मोडत भाकरी तव्यावर टाकायचे. शमीमभाभी म्हणायच्या, तुमच्याकडे माणूस यायच्या आधी त्याचं भूत येतं. तेव्हा हसायचे मी. आता त्या स्वतःच जीभ चावतात.

यावरून आपलं जे भांडण चाललं होतं ते मिटलंच नाही. कूलरच्या रिमोटवर चालू करायला आणि बंद करायला एकच बटण. डबी नुसतं ते बटण दाबते. तिच्या दाबण्याने पलीकडे चालू झालं की बंद झालं, हे तिला कळत नाही. त्यात आपल्याकडची लाईट. ती मधेच गेली, परत आली की कूलर थांबलेला आणि तुमच्या फोनवर मात्र चालू. तुम्ही तिकडून इशारा द्यायला जायचात आणि इकडे सगळं उलटं. मी म्हणायचे, “या डबीला पोच नाही.” दोन्ही अर्थांनी म्हणायचे. टपालात नुसतं पाठवून भागतं का? पोच यावी लागते. तुम्ही म्हणायचात, “पोच कशाला पाह्यजे? तोंडाला वारं लागलं म्हंजी पोच.”

“पण ते वारं मला लागतं. तुम्हाला कसं कळणार, मला लागलं का ते?”

“मी घरी आलो की तू सांगती ना.”

तुम्ही घरी यायचात, हे त्या सगळ्यात धरलेलंच होतं.

मोठं भांडण दुसरं. तुम्ही म्हणायचात, शीक. मी म्हणायचे, तुम्ही आहात की. रोज जेवण झालं की हेच. “माझ्यासमोर एकदा म्हणून दाखव. कूलर येऊ दे, एवढंच म्हण.” मी म्हणायचे, मला असलं बोलायला जमत नाही. “मंग मी काय अमरपट्टा लिहून आणलाय का?” असं तुम्ही एकदाच म्हणालात आणि मी ताटावरून उठले. त्यानंतर दोन दिवस तुम्ही फक्त डब्याशी बोललात, माझ्याशी नाही.

तुम्ही गेलात त्यानंतरच्या दहाव्याला घरात बायका जमल्या होत्या. थोरल्या जाऊबाई माझ्याजवळ सरकल्या, माझे हात हातात घेतले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, बांगड्या वाढवून घ्या आता.”

मला हसू फुटलं. खरंच फुटलं. मला तो कूलर दिसला, भिंतीला चिकटलेल्या शेवया दिसल्या, पांढऱ्या भुवयांच्या शमीमभाभी दिसल्या. बायका घाबरल्या, त्यांना वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. आणि हसता हसता मला रडू आलं ते काही केल्या थांबेना. जरा शांत झाल्यावर मी जाऊबाईंना विचारलं, “आमचे हे म्हणायचे, वाढवलं म्हणजे उद्या पुन्हा उघडायचं असतं. मग या बांगड्या उद्या पुन्हा भरायच्या का?” त्यांच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, राहू द्या मग. राहिल्या. हे बोलतानाही त्या वाजताहेत.

स्वाती होती तोवर घर चालत होतं. ती फोनवरून सगळं करायची. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, “आई, डब्यातली बाबांची वाक्यं काढून तुझी घालून देते. तुला सोपं जाईल.” सोपं गेलं असतं, यात शंका नाही. मी म्हणाले, नको, त्यांनी एवढं बसून भरलंय. तिने जास्त ओढलं नाही. घनसावंगीच्या जीपमध्ये बसली तेव्हा मला म्हणाली, “हट्टीपणात तुम्ही दोघं सारखेच.” जीप गेल्यावर मी भिंतीला हात लावत घरात आले.

पहिले चार दिवस मी डब्याला हाकच मारली नाही. पंखा लावलेला तसाच फिरत होता, कूलर स्वाती चालू ठेवून गेली होती. मी कशालाच हात लावत नव्हते, बिघडायला नको म्हणून. आज दुपारी लाईट गेली. ऊन तर तुम्हाला माहीत आहे, या दिवसांत पत्र्यावर पापड भाजावा असं. लाईट आली, पंखा फिरायला लागला, कूलर गप्प. शमीमभाभींना हाक मारावी म्हणून दारापर्यंत गेले. मग स्वातीचा सौदा आठवला आणि परत फिरले.

डब्यासमोर उभी राहिले, पदर सावरला, त्याला नावाने हाक मारली आणि म्हणाले, “कूलर सुरू कर.” तो हिंदीत म्हणाला, समजलं नाही. मग मी म्हणाले, “कूलर येऊ द्या.” तुमच्या भाषेत कोणाशी बोलायचं तर माझ्या तोंडून ‘द्या’च निघणार ना. तुम्हाला कधी मी ‘दे’ म्हटलंय? त्यालाही तो समजलं नाही म्हणाला. मी घसा खाकरला, दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना, आणि तुम्ही गादीवरून द्यायचात तसा आवाज दिला, “कूलर येऊ दे!”

काही होईना. म्हणून लगेच पुन्हा म्हणाले. तेवढ्यात तो सुरू होत होता, माझ्या दुसऱ्या हुकमाने तो पुन्हा थांबला. एकच बटण! मी डबीला, डब्याला आणि तुम्हाला, तिघांना शिव्या घातल्या. मग खाली बसले. जरा वेळाने पुन्हा एकदाच म्हणाले आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. आधी पाण्याचा पंप गुरगुरला. मग पातं फिरल्याचा आवाज. मग ओल्या वाळ्याचा वास आला आणि वारं माझ्या तोंडाला लागलं. मी तिथेच डोळे मिटून बसून राहिले.

नंतर मला खूळ लागलं. मी ‘पंखा वाढव’ म्हणाले, पंखा थांबला. ‘पंखा येऊ दे’ म्हणाले, फिरला. ‘बातम्या येऊ दे’ म्हणाले आणि बातम्या लागल्या, मराठीच. घरभर मी तुमच्या भाषेत हुकूम सोडत फिरत होते. शमीमभाभी धावत आल्या, त्यांना वाटलं घरात कोण आलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “भाभी, बिलकुल भाईजान की आवाज!” आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागल्या. त्यांना पाणी मीच दिलं.

उद्या सकाळी स्वातीला फोन करून सांगेन, मला न्यायला येऊ नकोस. येशील तेव्हा माहेरी म्हणून ये. ती थोडी रुसेल, मग कबूल होईल. तिला सांगणं सोपं आहे. अवघड आहे ते तुम्हाला सांगणं.

जालन्याच्या दवाखान्यातली ती शेवटची दुपार. तुमच्या खोलीत एसी होता आणि त्याचा रिमोट नर्सकडे. तुम्हाला थंडी वाजत होती. तुम्ही म्हणालात, “डबी आणली असती तर जल्दी काम झालं असतं.” मी तुमच्या अंगावर दुसरी चादर घातली. मग माझं मनगट धरून तुम्ही विचारलंत, “जमंल का तुला?”

काय जमंल ते तुम्ही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला कळलं होतं. मी म्हणाले, “गप्प पडा. आधी घरी चला, मग काय विचारायचं ते विचारा.” तुम्ही ‘बरं’ म्हणालात. तुम्ही माझं इतकं पटकन कधी ऐकत नव्हता.

तुम्हाला वाटायचं, मी हट्टाने शिकत नाही. जावयांना तुम्ही तसं बोलूनही दाखवलं होतं, मी ऐकलं होतं. हट्ट नव्हता हो. तुम्ही ती डबी माझ्या हातात ठेवलीत आणि मी झाकण शोधत होते, तेव्हाच मला कळलं होतं की हे तुम्ही कशासाठी आणलंय. तुमच्यामागे मला एकटीला चालवता यावं म्हणून तुम्ही घर शिकवत होतात. आणि मी मनाशी असं धरलं होतं की जोवर मला जमत नाही तोवर तुम्हाला जाता यायचं नाही. वर्गात एखादी पोर धडा पाठ असूनही येत नाही म्हणते, बाईंनी पुढे जाऊ नये म्हणून, तसं. रोज रात्री जेवणानंतर मी ‘जमत नाही’ म्हणायचे, आणि आणखी एक दिवस मिळाल्यासारखं वाटायचं.

तुम्ही गेलातच. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. जमतं मला. कूलर, पंखा, बातम्या, घर, सगळं जमतं. तेव्हाही जमलं असतं.